आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची

मूठभर मीठ, चिमूटभर मोहरी, पाच नाहीतर सात सुक्या लाल मिरच्या. एवढं मुठीत धरायचं, लेकराला उंबऱ्याशी पूर्वेकडे तोंड करून बसवायचं, डोक्यापासून पायापर्यंत मूठ फिरवायची आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटून सगळं चुलीत झोकून द्यायचं. मग वाट बघायची. मिरच्यांचा ठसका उठला, तर लेकराला काही नव्हतं. ठसका उठलाच नाही, तर नजर होती आणि तीही जबर होती. वर्ध्याच्या शहरी भागापासून आष्टी-कारंजाच्या डोंगराळ पट्ट्यापर्यंत साहित्यात थोडाफार फरक पडतो. कुठे झाडूच्या काड्या येतात, कुठे तुरटी, कुठे जुनी चप्पल. निदानाची रीत मात्र सगळीकडे हीच.

ही रीत चुलीच्या जमान्यातली आहे. धगधगत्या निखाऱ्यात मिरची भर्रकन पेटून जाते आणि धूर वरच्या झोतासोबत निघून जातो. तव्यावर मंद भाजताना जो खकाणा उठतो, तो अशा वेळी सहसा उठत नाही. म्हणजे चूल चांगली पेटलेली असेल, तर जवळपास प्रत्येक लेकराला नजर लागलेली निघणार. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेची सिलिंडरं गावोगाव पोचली आणि या निदानाची मोठी पंचाईत झाली. गॅसवर तवा ठेवून मिरच्या टाकल्या की खकाणा हमखास उठतो, सगळं घर खोकतं आणि नजर नसल्याचा दाखला मिळतो. म्हणून पुष्कळ घरांत गॅस असतानाही नजरेसाठी अंगणात वेगळी गोवरी पेटवतात. सोय वेगळी आणि शास्त्र वेगळं, हे आपल्याकडे सगळ्यांना कळतं.

पण मला जास्त कुतूहल आहे ते त्या पुटपुटण्याचं. प्रत्येक घरची यादी वेगळी, तरी घडण एकच. आल्यागेल्याची, पैपाहुण्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, वाटसराची, भुताखेताची, पाखराची, घरच्याची आणि दारच्याची असेल नसेल ती नजर जळून जावो. ही यादी नीट ऐकली तर लक्षात येतं की तिच्यातून कोणीच सुटत नाही. सख्खी मायसुद्धा नाही. ‘मायचीच नजर लवकर लागते’ असं बाया सर्रास म्हणतात, कारण लेकराकडे सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त कौतुकाने तीच बघते. आजीला विचारलं, ‘कोनाची लागली?’ तर उत्तर येतं, ‘कोनाची बी अशीन.’ आणि विषय तिथेच संपतो. आरोप सगळ्यांवर ठेवला की तो कोणावरच राहत नाही. पुढे जे काही सांगायचं आहे, ते या एका गोष्टीभोवती फिरतं.

नजर ही दुष्टाची असते, असा शहरी वाचकाचा समज असतो. गावात तसं नाही. नजर लागते ती कौतुकाने. डोळे भरून बघितलं, तोंडभरून वाखाणलं आणि शेवटी ‘नजर न लागो’ म्हणायचं राहिलं की झालं. त्यामुळे इथे कौतुक करण्याची एक पद्धत ठरून गेली आहे. गुटगुटीत बाळाला ‘काय काळं कारटं आहे’ म्हणायचं. ताटावर बसलेल्या पोराच्या जेवणाबद्दल बोलायचं नाही. कापसाचं शेत बघायला गेलेल्याने ‘एकरी किती निघंल?’ असं थेट विचारायचं नाही आणि विचारलंच, तर मालकाने ‘निघंल थोडंफार’ यापलीकडे जायचं नाही. ज्या घरांत मुलं जगत नसत, तिथे जन्मलेल्या पोराचं नाव दगडू, धोंडू, कचरू, उकंड्या ठेवत, म्हणजे त्याच्याकडे कोणाचं लक्षच जाणार नाही. मुलाचं नाक टोचून नथ घालत आणि त्याला नथू म्हणत. एकेका पिढीच्या शाळेच्या दाखल्यांवर ही नावं दिसतात. त्या प्रत्येक नावाच्या मागे एखादं आधी गेलेलं भावंड असण्याची शक्यता असते. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड काढले. वर्धा तेव्हा त्याच प्रांतात होता. या नावांची आणि नजरेच्या समजुतींची नोंद त्या खंडांत ठिकठिकाणी सापडते. तेव्हाच्या बालमृत्यूचा विचार केला, तर आईने हाताशी असलेली एकही उपाययोजना सोडली नाही, याचं आश्चर्य वाटत नाही.

त्या उपाययोजनांत सगळ्यात इमानी बिबा. बिब्याची झाडं वर्धा-नागपूर-चंद्रपूरच्या जंगलात मुबलक. काळं, गुळगुळीत, हृदयाच्या आकाराचं फळ. पाळण्याला, कमरेच्या करदोड्याला, म्हशीच्या गळ्याला, दुकानाच्या लिंबू-मिरचीत, सगळीकडे बिबा असतो. गंमत म्हणजे बिबा खरोखरच अंगावर येणारा प्राणी आहे. त्याच्या टरफलातला चीक कातडीला लागला तर फोड येतात, चट्टे पडतात आणि काही माणसांना तर झाडाखालून गेलं तरी सूज येते, असं म्हणतात. याच चिकाने धोबी कपड्यांवर न जाणाऱ्या खुणा करत. आयुर्वेदात बिबा शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत, ते यामुळेच. म्हणजे जो दुसऱ्याला भाजतो, तोच आपला पहारेकरी, असा हिशोब लोकांनी मांडला असावा. पण तान्ह्या बाळाच्या कमरेला बांधलेला बिबा उन्हाळ्यात घामाने पाझरला, की पहारेकरीच चोर होतो. पोटावर लाल पट्टा उठतो, बाळ रडतं आणि ते रडणं पुन्हा नजरेच्या खाती जमा होतं.

करदोडा, मनगटातले काळे-पांढरे मणी, वाघनखाच्या आकाराचं चांदीचं पदक, तळपायाला किंवा कानामागे काजळाची तीट ही सगळी त्यामानाने निरुपद्रवी मंडळी. काजळ मात्र डोळ्यात घातलं की मामला बदलतो, विशेषतः बाजारी सुरम्यात शिसं असेल तर. गालबोट गालावर असावं, एवढं पाळलं तरी पुरे.

खरा धोका वस्तूत नसतो, वेळेत असतो. बाळ किरकिरतंय, दूध ओकतंय, जुलाब होताहेत. आधी आजी नजर काढते. मग शेजारीण काढते, तिच्या हाताला गुण आहे म्हणून. मग कोणी सांगतं, टाळू पडली, तेल भरा. टाळू खोल गेलेली असते हे खरंच. पण ती शरीरातलं पाणी संपल्याची खूण असते आणि तिला तेल नव्हे, मीठ-साखरेचं पाणी आणि दवाखाना लागतो. म्हाताऱ्या बायांचं निरीक्षण अचूक असतं, चूक होते ती पुढच्या पायरीवर. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाभोवती १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, डॉ. सुशीला नायर यांनी देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. तिथल्या नव्या विद्यार्थ्यांना आधी आश्रमात राहावं लागतं आणि नंतर एखादं गाव दत्तक घेऊन तिथल्या घरांत जावं लागतं. या शिरस्त्यामागचं शहाणपण मला इथे दिसतं. आजीला मूर्ख ठरवून बाळ दवाखान्यात येत नाही. ‘नजर काढा, पण काढता काढता पाणीही पाजा’ असं म्हटलं तर येतं. शेजारच्या मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याने चटके देण्याची डंब्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. तिच्यापुढे मीठ-मिरची म्हणजे सौम्य प्रकरण.

घरातून शेतात गेलं की नजरेचं रूप बदलतं. कापूस फुटायच्या दिवसांत हिंगणघाट-समुद्रपूरच्या रस्त्याने जा. मध्येच एखादं काळं मडकं खांबावर पालथं घातलेलं दिसतं, त्यावर चुन्याचे ठिपके किंवा डोळे-दात काढलेले. बघणाऱ्याची पहिली नजर पिकावर नव्हे, मडक्यावर पडावी, एवढाच त्याचा उद्योग. पक्ष्यांचं आणि या मडक्याचं काही घेणंदेणं नाही. ते काम बुजगावण्याचं.

कापसाला नजर लागते, असं शेतकरी का म्हणतो, ते समजायला गुलाबी बोंडअळी समजून घ्यावी लागते. २०१७ सालच्या हंगामात तिने विदर्भात हाहाकार केला. २००२ पासून आलेल्या बीटी वाणांनी या अळीला आवरायचं होतं, पण ती त्यांना पुरून उरली. तिची खोड अशी की ती बोंडाच्या आत शिरते आणि आत गेल्यावर भोकही बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, टपोरं. रस्त्याने जाणारा म्हणतो, ‘वा, काय पऱ्हाटी आहे!’ महिनाभराने बोंड उकलतं तेव्हा आत किडकी, पिवळी पडलेली कवडी. वाखाणलं आणि गेलं, हा क्रम शेतकऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला असतो. नजरेच्या समजुतीला याहून चोख पुरावा कोणी रचून दिला नसता. आर्वी-कारंजाच्या संत्र्यात अशीच कोळशी येते. काळ्या माशीच्या चिकट स्रावावर बुरशी वाढते आणि बघता बघता हिरवी बाग काजळी फासल्यासारखी होते.

संत्रावाल्यांची आणखी एक अडचण आहे, तिची मला नेहमी गंमत वाटते. बाग बहुतेक वेळा झाडावरच विकली जाते. व्यापारी येतो, फेरी मारतो, अंदाजाने बोली करतो. म्हणजे वर्षभर ज्या मालकाने पाहुण्यारावळ्यांना ‘फूट काही खास नाही’ म्हणून सांगितलं, त्यालाच एका दुपारी ‘हे पाहा, हे झाड पाहा’ करत सगळी बाग नजरेखालून घालावी लागते. बाजार आणि नजर यांचं पटत नाही. सौदा झाला की त्याच संध्याकाळी बागेत नारळ फुटतो.

पिकाच्या राखणीसाठी इथे एकेकाळी पगारी माणूससुद्धा होता, हे आज कोणाला फारसं आठवत नाही. गारपगारी ही नाथपंथी जमात वर्धा, नागपूर, चांदा आणि वऱ्हाडात गावोगाव असे. गारा अडवणं हे त्यांचं काम. आभाळ भरून आलं की गारपगाऱ्याने मारुतीच्या देवळापुढे जाऊन उभं राहायचं, देवाला विनवायचं, वेळप्रसंगी धमकावायचंही. गारा टळल्या तर श्रेय त्याचं. बदल्यात प्रत्येक कुणबी त्याला दरसाल धान्य देई. रसेल-हिरालालांच्या ग्रंथात या जमातीवर स्वतंत्र प्रकरण आहे. लोकांचा विश्वास उडत चालल्यामुळे गारपगाऱ्याची मिळकत घटली आहे, असं त्यात शंभर वर्षांपूर्वीच नोंदवलेलं आहे. शेतकऱ्याचा हिशोब तेव्हाही पक्का होता. गारा पडल्या, तर पगार नाही. आता पीकविमा आहे. महाराष्ट्रात २०२३ पासून दोन वर्षं तो एका रुपयात मिळत होता. गारा पडल्यावर विम्याचे पैसे किती मिळतात आणि कधी मिळतात, यावर कापूसवाल्यांशी बोलायला बसलं की गारपगाऱ्याबद्दल जरा सहानुभूती वाटू लागते. तो निदान मारुतीपुढे हजर तरी असे.

गाईगुरांची नजर ही तर स्वतंत्र शाखा. आर्वी, आष्टी, कारंजा हा गवळाऊ जनावरांचा मुलूख. पांढरी शुभ्र, लांबोड्या चेहऱ्याची, चालायला चपळ अशी ही जात, आणि तिच्या जतनासाठी हेटीकुंडीला सरकारी प्रक्षेत्र आहे. अशा गाईने अचानक पान्हा चोरला, की आधी आठवतं ते काल गोठ्यात कोण येऊन गेलं. मग शिंगांना काळा गंडा, गळ्यात कवड्या, पायात काळा दोरा. पोळ्याला बैल सजतात ते मिरवायला, पण त्या सजावटीतल्या अर्ध्या वस्तू राखणीच्याच असतात. सेलू तालुक्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर प्रसिद्धच आहे. माणसाहून उंच लाकडी नंदी तिथे मिरवणुकीत निघतात आणि लोक लांबून बघायला येतात.

तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी सकाळी मारबत निघते. नागपूरच्या काळ्या-पिवळ्या मारबतींचा गाजावाजा जास्त, कारण त्यांच्यासोबत भ्रष्टाचारापासून महागाईपर्यंत सगळ्यांचे बडगे, म्हणजे पुतळे, निघतात. वर्ध्याकडच्या खेड्यांत ती लहान असते. पोळ्याला दाराशी लावलेले पळसाचे मेढे उपटायचे, घरातली घाण त्यांच्यासोबत काढायची आणि खोकला, ताप, ढेकणं, डास, इडापिडा सगळं घेऊन जा, असं ओरडत शिवेबाहेर टाकायचं. भादव्याच्या तोंडावर, साथीच्या मोसमात, सगळ्या गावाने एकदम साफसफाई करणं ही आरोग्यदृष्ट्याही वाईट कल्पना नाही. पण माझं लक्ष पुन्हा त्याच गोष्टीकडे जातं. मारबत ही बाहुली आहे. गावाच्या वर्षभराच्या दुखण्याला एक चेहरा लागतो आणि तो कागदा-बांबूचा बनवून जाळला जातो. जिवंत माणसाचा चेहरा त्याला लावायचा नसतो.

ताईत-गंड्यांच्या बाबतीत धर्माची शीव फारशी आडवी येत नाही. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. तिथे जाणाऱ्यांत हिंदू किती आणि मुसलमान किती, हे मोजायच्या फंदात कोणी पडत नाही. टेकडीवर जायफळा-सुपारीसारखे गोल दगड सापडतात. फिरत्या बंजारा व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांच्या गोण्यांतल्या मालाचे दगड झाले, ही त्यांची कथा इंग्रजी अमदानीतल्या लेखनातही आलेली आहे. भूगर्भशास्त्र त्यांना बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेली खनिजं म्हणतं. लोबानाचा धूर आणि मोरपिसाचा झाडू मस्तकावरून फिरला की आजी निर्धास्त होते. तिच्या गळ्यात तुळशीची माळ असते आणि नातवाच्या दंडात गिरडचा ताईत.

आपलीच ही खासियत, असं समजायचं कारण नाही. प्लुटार्कने पहिल्या-दुसऱ्या शतकात जेवणाच्या गप्पांत या विषयावर वाद रंगवला आहे आणि त्यातही बापाची नजर लेकराला लागते, हा मुद्दा येतो. जॉन रॉबर्ट्स या मानवशास्त्रज्ञाने १९७६ साली जगभरातल्या १८६ समाजांची पाहणी मांडली, तेव्हा त्यांपैकी सुमारे ३६ टक्क्यांत ही समजूत आढळली. म्हणजे ती सगळीकडे नाही. जॉर्ज फॉस्टरने १९६५ साली मेक्सिकोतल्या एका गावावरून एक सिद्धांत मांडला. शेतकरी समाजात चांगल्या गोष्टी मोजक्याच आहेत असं धरलं जातं, म्हणून एकाच्या ताटात वाढलं की दुसऱ्याच्या ताटातून गेलं, असं वाटतं. कोरडवाहू वर्ध्याला हे बरंच लागू पडतं. एकाच्या विहिरीला पाणी लागतं, तेव्हा शेजाऱ्याची खाली जाते, हा नुसता समज नाही, अनुभव आहे. पण फॉस्टरचं सगळं पटत नाही. नजरेच्या यादीत मायचं नाव का, याचं उत्तर त्याच्याकडे सापडत नाही. मायला लेकराचा हेवा नसतो. तिला भीती असते.

आतापर्यंतचं सगळं घरगुती. पुढचं नाही.

गाय आटली, मीठ-मिरची झाली, गंडा झाला, तरी दूध येत नाही. मग कोणीतरी म्हणतं, ‘जानत्याकडे जाऊन पाह्य.’ जाणता, भगत, मांत्रिक, कोणीही असो, तो आजीसारखं ‘कोनाची बी अशीन’ म्हणत नाही. त्याचा धंदाच नाव सांगण्यावर चालतो. तांदूळ मांडतो, लिंबू कापतो आणि दिशा सांगतो. ‘तुमच्या घराच्या उगवतीला, एकटी राहते, वयस्कर.’ आता गावात उगवतीला एकटी राहणारी वयस्कर बाई एकच असते. बहुधा विधवा, बहुधा मूल नसलेली, पुष्कळदा नावावर दोनचार एकर असलेली. तिथून नजर संपते आणि करणी सुरू होते. वाळीत टाकणं, मारहाण, धिंड आणि काही वेळा खून, हे सगळं विदर्भाने बघितलेलं आहे.

अंधश्रद्धा निर्मूलनाचं संघटित काम विदर्भात जुनं आहे. श्याम मानव यांनी १९८२ साली नागपुरात अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीची सुरुवात केली. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दीड दशकाहून जास्त झगडा चालला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. विरोध करणारे तेव्हा सांगत होते की आता लिंबू-मिरची बांधली तरी पोलीस येतील. कायद्याची अनुसूची काढून वाचली तर तिच्यात लिंबूही नाही आणि मिरचीही नाही. बारा कलमं आहेत. एकात म्हटलं आहे की अमुक माणूस करणी करतो, मंत्रतंत्राने जनावराचं दूध आटवतो, त्याच्यामुळे रोगराई पसरते, असं भासवून त्याचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा. दूध आटवण्याचा उल्लेख कायद्यात शब्दशः आहे, हे मला फार बोलकं वाटतं. मसुदा लिहिणाऱ्यांना गोठा माहीत होता. दुसऱ्या एका कलमात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून रोखून गंडादोरा-मंत्रतंत्र करणं गुन्हा ठरवलं आहे. इथेही गंडा बांधणं नव्हे, वाट अडवणं गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार, आणि गुन्हा अजामीनपात्र.

थोडक्यात, कायद्याने आजीला हात लावला नाही. बोट दाखवणाऱ्याला लावला. ताईताची जाहिरात करणाऱ्यांसाठी तर १९५४ पासून औषधे व जादुई उपाय कायदा आहेच. ताईत, मंत्र, कवच हे सगळे शब्द त्याच्या व्याख्येत बसवलेले आहेत. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने टीव्हीवर विकल्या जाणाऱ्या दैवी यंत्रांच्या जाहिराती २०१३च्या कायद्याखाली बेकायदा ठरवल्या.

सापाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. सेवाग्राम आश्रमात साप पकडायचा चिमटा आणि पिंजरा ठेवलेला आहे. १९३६ साली गांधी तिथे राहायला आले, तेव्हा शेगाव या नावाचं हे गाव साप-विंचवांचं आणि हिवतापाचं होतं. साप मारायचा नाही, मंत्र टाकायचा नाही, पकडून लांब सोडायचा, हा तिथला तोडगा. तिथून दवाखान्यापर्यंतची वाट सरळ आहे. आजही पऱ्हाटीत पाय पडला आणि काही चावलं की या जिल्ह्यातला माणूस सेवाग्राम गाठतो. दंडाला गंडा असतो कधीकधी. डॉक्टर आधी सुई टोचतात.

वर्ध्याच्या बाजारात शनिवारी सकाळी लिंबू-मिरची विकणारी पोरं दुकानादुकानाला फिरतात. सात मिरच्या, एक लिंबू, खाली कोळशाचा तुकडा किंवा बिबा. अवदसेला आंबट-तिखट आवडतं, ती दारातच खाऊन परत फिरते, अशी त्याची कथा. मागच्या आठवड्याची सुकलेली माळ काढून रस्त्यावर टाकतात आणि तिच्यावर पाय पडू नये म्हणून पादचारी उड्या मारतात. तेवढी एक सुधारणा नगरपालिकेने मनावर घ्यावी. शेजारीच मोटारीत टांगायचे निळ्या काचेचे तुर्की डोळे विकायला असतात. २०१८ पासून तोच निळा डोळा मोबाइलच्या इमोजीत आला आहे. आर्वीची लेक पुण्याहून बाळाचा फोटो पाठवते तेव्हा तोंडावर इमोजी चिकटवते, म्हणजे बाळ कसं दिसतं ते आजीलाही कळत नाही. मग आजी व्हिडिओ कॉल लावते आणि फोनभोवतीच मीठ-मिरची फिरवते.

आणि आता प्लास्टिकची लिंबू-मिरची निघाली आहे. पिवळीधमक, हिरवीगार, पावसाळ्यात सडत नाही, दर शनिवारी पैसे नाहीत. ट्रॅक्टरवाल्यांना ती पसंत पडली. म्हाताऱ्यांना नाही. त्यांचा आक्षेप बिनतोड आहे. खरं लिंबू सुकतं, काळं पडतं, तेव्हा त्याने नजर ओढून घेतल्याचं कळतं. हे सुकतच नाही, मग ते काम करतंय की नुसतं लटकलंय, हे ओळखायचं कसं, आणि बदलायचं कधी?